किल्ली एक रात्र आमच्याकडे

मी याद्या करणारी बाई आहे. वाणसामानाची यादी सगळेच करतात. माझ्या फ्रीजवर याद्यांचीही एक यादी असायची. नव्वदच्या दशकात ओहायोतल्या डब्लिनमध्ये मी एका विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या फायली तपासत असे. कोणता कागद आहे, कोणता नाही, कोणता चुकीच्या जागी लागलाय, एवढंच बघायचं. कंटाळवाणं काम आहे असं बाकीच्यांना वाटे. मला ते आवडायचं.

ही सवय वडिलांची. चिपळूणजवळच्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. पोस्टातल्या त्यांच्या पासबुकात वर्षाला व्याज जमा व्हायचं. व्याज आम्हाला हराम. वडील तेवढीच रक्कम काढायचे, वेगळ्या कागदात गुंडाळायचे आणि पोस्टातून परस्पर ग्रामपंचायतीत नेऊन द्यायचे. ते पैसे घरात आणायचे नाहीत, आणि पुण्य मिळावं म्हणून दानही करायचे नाहीत. फक्त अंगावरून झटकायचे. त्यातून एसटी स्टँडमागच्या सार्वजनिक संडासाची डागडुजी होई. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं. स्टँडवरचे रिक्षावाले एकमेकांना सांगायचे, "थांब जरा, मास्तरांच्या व्याजाला जाऊन येतो." वडिलांनाही हसू यायचं.

लग्न करून मी अमेरिकेत आले तेव्हा सामानाच्या यादीत वडिलांनी एक ओळ वाढवली होती: व्याजाचं घर नको. मी ती पाळली. अमेरिकेत घर म्हणजे बँकेचं कर्ज आणि कर्ज म्हणजे व्याज. म्हणून आम्ही भाड्याने राहिलो, नऊ वर्षं. माझे पती, घरात मी त्यांना 'अहो' म्हणते आणि लिहिताना 'हे', इंजिनिअर होते. बरोबरीच्या सगळ्यांची घरं झाली. मक्याच्या शेतांमधून नवे रस्ते निघत होते, त्यांवर एकसारखी घरं उभी राहत होती, आणि दर शनिवारी आम्हाला कुणाच्या तरी गृहप्रवेशाचं जेवण असे. परतताना ह्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "गॅरेज चांगलं होतं." एवढंच. भांडण कधी केलं नाही.

मग चाचांचं मंडळ निघालं.

चाचा आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे आले होते. सगळ्या कोकणी मंडळींचे ते चाचा. मशीद तेव्हा एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या जागेत होती. तिथे एका रविवारी चाचांनी योजना मांडली. प्रत्येक कुटुंबाने जमेल तेवढा पैसा मंडळात घालायचा. पुरेसा जमला की मंडळ एक घर रोखीने विकत घेणार आणि ते रांगेतल्या पुढच्या कुटुंबाला थोडा नफा घेऊन हप्त्याने विकणार. किंमत पहिल्या दिवशी ठरली की ठरली. हप्ता चुकला तरी वाढायची नाही.

मी हात वर केला. म्हटलं, चाचा, बँक शंभराचे दीडशे घेते आणि तुम्हीही शंभराचे दीडशेच घेणार. मग फरक काय?

मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "आली, ऑडिटवाली आली." हशा झाला. चाचा मात्र हसले नाहीत.

"बँक पैसे विकते, बाय," ते म्हणाले. "आम्ही घर विकू. आणि विकायच्या आधी ते आमचं असायला हवं. खरंखुरं आमचं. तेवढ्या वेळात छप्पर उडालं तर नुकसान कुणाचं? आमचं. ज्याच्या डोक्यावर नुकसानीची भीती आहे, त्यालाच नफ्याचा हक्क. एवढाच फरक आहे आणि तोच सगळा फरक आहे."

मला हे फार पटलं. विम्यात काम करणाऱ्या माणसाला नुकसान कुणाचं हा प्रश्न लगेच कळतो. त्याच संध्याकाळी मी एक यादी केली. अकरा कलमं. घराची तपासणी, मंडळाने मूळ मालकाकडून केलेली खरेदी, ताबा, मग कुटुंबाला विक्री, या क्रमाने. क्रम महत्त्वाचा. जे अजून हातात नाही ते विकलं तर सौदा बाद. कलम सहा मी स्वतः घातलं: मंडळाने खरेदी केल्यावर घराची किल्ली किमान एक रात्र मंडळाकडे राहील. कागदावर ताबा कुणालाही दाखवता येतो. किल्ली खिळ्याला टांगलेली दिसते.

चाचा खूश झाले. खिळा कुठे ठोकायचा यावर चर्चा झाली आणि तो माझ्या स्वयंपाकघरात ठोकायचं ठरलं, कारण मशिदीच्या खोलीला कुलूप नव्हतं. वर्षातून दोनदा शिकागोहून एक मौलाना यायचे. शरियतचे जाणकार. माझ्या याद्या एकेक करून वाचायचे, चहात बिस्किट बुडवत मला प्रश्न विचारायचे, कधी एखाद्या तारखेवर बोट ठेवून थांबायचे. मग सौदा नियमात बसतो असं प्रमाणपत्र सही करून द्यायचे. मी प्रत्येक कलमापुढे टिक करायची, खरेदीच्या कलमापुढे चाचांच्या शब्दावर आणि किल्ली बघून, आणि खाली माझी सही.

पहिली सहा घरं सावकाश झाली, वर्षाला दोन. नंतर रांग अचानक भरभर सरकू लागली. मी चाचांना विचारलं, एवढा पैसा कुठून आला? शिकागोच्या डॉक्टर लोकांनी घातलाय, असं ते म्हणाले. मी मान डोलावली. हा प्रश्न माझ्या अकरा कलमांत नव्हता.

सातवं घर आमचं. स्वतःच्या सौद्याची यादी स्वतः तपासणं बरं दिसत नाही, म्हणून त्या खेपेला यादी चाचांकडे होती आणि किल्लीही त्यांच्याच घरी राहिली. सह्यांच्या दिवशी वकिलाच्या ऑफिसात कागदांचा केवढा तरी गठ्ठा होता. मी वाचायला पर्समधून चष्मा काढला तसा चाचांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "आज तू तपासणारी नाहीस, बाय. आज तू नवरीसारखी बस." माझ्या डोळ्यांत पाणी होतं, अक्षरं तशीही दिसत नव्हती. चाचांचं बोट जिथे जिथे होतं तिथे तिथे मी सही केली. ह्यांनी माझ्यानंतर केली. ह्यांना वेळ लागला हे मला आठवतं. मला वाटलं, पेन चालत नसेल.

दोन वर्षं आम्ही त्या घरात सुखाने राहिलो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मुलीला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. ह्यांनी गॅरेजमध्ये हत्यारांना भिंतीवर बाह्यरेषा काढल्या, पाना कुठे, करवत कुठे. माझी संगत लागली, असं मी म्हणायची. वडिलांना मी घराचा फोटो पाठवला तेव्हा त्यांनी दोनच ओळींचं पत्र लिहिलं. घर चांगलं आहे. त्यात झोप चांगली लागेल.

चौदावं घर नागपूरच्या एका मुलाचं होतं. इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करून नुकताच नोकरीला लागला होता. बायको अकोल्याची, सातवा महिना. दोघंही मला आपा म्हणायची आणि दिवसातून दोनदा फोन करायची. जानेवारी होता, कडाक्याची थंडी. शुक्रवारी मंडळाची खरेदी झाली असं चाचांनी कळवलं आणि किल्ली माझ्याकडे आणून दिली. मी ती खिळ्याला टांगली. शनिवारी सकाळी घर एकदा बघून यायचं आणि दुपारी किल्ली त्या दोघांच्या हातात द्यायची. त्याप्रमाणे मी निघाले. अकरा वर्षांची मुलगी बरोबर होती.

दार उघडलं आणि मुलगी दारातच थांबली. "मम्मी," ती म्हणाली, "इट्स रेनिंग इनसाइड."

मूळ मालकाने जाताना हीटर बंद केला होता. वरच्या न्हाणीघराचा पाइप गोठून फुटला होता. दिवाणखान्याचं छत पोट सुटल्यासारखं खाली आलं होतं आणि त्यातून पाणी पडत होतं. गालिच्यावर पाय ठेवला की बुडबुडे यायचे. मी तळघरात जाऊन मुख्य नळ बंद केला, प्लंबरला फोन केला, मुलीला गाडीत बसवलं आणि वहीत वेळ लिहिली: नऊ वाजून चाळीस मिनिटं. किल्ली अजून माझ्या हातात होती. म्हणजे घर मंडळाचं होतं. नुकसान मंडळाचं. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर आत कुठे तरी एक प्रकारचं समाधानही होतं. चाचांचं छप्पर उडण्याचं उदाहरण अखेर घडलं होतं आणि माझी यादी त्यासाठी तयार होती.

पुढचं काम माझ्या सवयीचं. घराचा विमा उतरवलेला असणार, तो आदल्या दिवसापासून मंडळाच्या नावावर असणार. आम्हा मंडळींचे विमे उतरवणारा एजंट ओळखीचा होता. मी घरी येऊन त्याला फोन केला, पत्ता सांगितला. त्याने पॉलिसी काढली. ती त्या नागपूरच्या मुलाच्या नावावर होती. आठ दिवस आधीपासून. मी म्हटलं, चूक झाली असेल, मालक मंडळ आहे. त्याने पुन्हा पाहिलं. मंडळाचं नाव कुठेच नव्हतं. कर्ज देणारी संस्था या रकान्यात मात्र एक नाव होतं. हायवेच्या तोंडाशी जिचा मोठा निळा बोर्ड आहे, त्या बँकेचं.

मी आभार मानून फोन ठेवला. मग वरच्या खोलीत गेले आणि आमच्या घराची फाइल काढली. हिरवी फाइल, कण्यावर माझ्या अक्षरात 'घर'. विम्याची पॉलिसी तिसऱ्या कप्प्यात होती. तिला भोकं मी पाडली होती, ती लावली मी होती, आणि वाचली नव्हती. दिवसभर परक्यांच्या पॉलिसी वाचणाऱ्या बाईने. रकान्यात तीच बँक. पाठीमागे सह्यांच्या दिवसाचे कागद. घर थेट मूळ मालकाकडून आमच्या नावावर आलं होतं, मंडळाकडे ते एक मिनिटही नव्हतं. त्यानंतर तीस वर्षांचा कर्जाचा करार, साडेसात टक्के. खाली माझी सही, नीट, वळणदार. आम्ही मंडळाला देत होतो तो हप्ता मंडळ बँकेत भरत होतं. दोन वर्षं मी व्याज फेडत होते.

मी आधी मोजलं. रांग भरभर सरकू लागली ती सातव्यापासून. सात ते चौदा, आठ घरं. आमचं धरून. त्यांतल्या सात याद्यांवर माझी टिक.

रविवारी दुपारच्या नमाजानंतर मी चाचांना मशिदीच्या बाजूच्या खोलीत गाठलं, जिथे घडीच्या खुर्च्या ठेवत. मी विमा एजंटचं सांगितलं. ते नाकारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एक खुर्ची उघडून मला दिली आणि स्वतःसाठी दुसरी उघडली.

पहिली काही घरं खरोखर मंडळाने घेतली, असं ते म्हणाले. मग पैसे संपले. शिकागोचे डॉक्टर कुणी नव्हते. बँक मंडळाला दारात उभं करत नव्हती. कुटुंबाच्या नावावर मात्र लगेच कर्ज द्यायची. म्हणून आत बँकेचा करार आणि वर आपला करार. रांगेत लोक होते, मुलं मोठी होत होती. कुणाला फसवून त्यांनी स्वतःसाठी एक पैसा घेतला नव्हता, आणि हे खरं होतं. नियत साफ होती, असं त्यांनी तीनदा सांगितलं.

मी विचारलं, "आणि त्या पोरांच्या पाण्याचं नुकसान?"

"त्यांचा विमा आहे ना."

"त्यांचा. आपला नाही."

चाचांनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"मग किल्ली माझ्याकडे कशाला आणून देत होतात, चाचा? एक रात्र खिळ्याला कशाला?"

त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. ते मी अजून विसरले नाही. त्यात प्रेमच होतं. "तुला बरं वाटायचं, बाय. आणि मौलाना माझ्या शब्दावर कुठे सही करत होते? ते तुझी टिक बघायचे. सगळेच तुझी टिक बघायचे."

मी खुर्ची मिटून जागेवर ठेवली आणि निघाले.

घरी हे गॅरेजमध्ये होते. मी हिरवी फाइल हत्यारांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटत होतं, हे चिडतील, चाचांकडे जायला निघतील आणि मला ह्यांना थोपवावं लागेल. ह्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. हातातला पाना भिंतीवरच्या त्याच्या रेषेत नीट अडकवला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"सह्यांच्या दिवशी वाचलं मी. बँकेचं नाव पहिल्याच पानावर होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"नऊ वर्षं, यार," हे म्हणाले. मला यार म्हणायची ह्यांची पद्धत नव्हती. "तू नाही म्हणाली असतीस. तुला माहीत नव्हतं तोवर तुला पाप नव्हतं. मी म्हटलं, ते माझ्याकडे राहू दे."

चाचांचं मला समजत होतं, म्हणजे राग करता येत होता. ह्यांच्या बाबतीत रागाला हात घालायला जागाच सापडेना. दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून जेवला होता, पाहुण्यांना मी आमचं घर कसं बिनव्याजी आहे हे कलमांसकट सांगत असताना वाटीत आमटी वाढून घेत होता. त्या वेळी ह्यांच्या मनात काय चाललेलं असायचं? मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

सोमवारी ऑफिसातून मी मौलानांना एक फॅक्स केला. सात घरांच्या सात याद्यांवरची माझी टिक मी परत घेते, असं लिहून खाली घरं क्रमाने दिली. उरलेल्या, म्हणजे आमच्या घराची यादी चाचांकडे होती, तिचंही कारण लिहिलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. फॅक्सवरचे घरांचे क्रमांक त्यांनी मला वाचून दाखवले. मग म्हणाले की ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यावर काही नाही. पण आता तुम्हाला माहीत झालंय. याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही.

त्यानंतर मी बाकी सात कुटुंबांना एकेक करून फोन केला. तिघं म्हणाले, आम्ही चाचांशी बोलून बघू. दोघांनी मलाच विचारलं, तुम्ही काय तपासत होतात मग? एकीने माझा फोन अर्ध्यात ठेवला. नागपूरच्या मुलाची बायको शेवटी. विम्याने छताचे पैसे देऊ केले होते, तिला तोवर थोडं बरं वाटत होतं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आपा, बाळ आल्यावर सांगितलं असतं ना तुम्ही." मी माफी मागितली. तिने 'असू द्या' म्हटलं नाही, आणि ते मला योग्य वाटलं.

आमचं घर आम्ही एप्रिलमध्ये विकायला काढलं. ह्यांनी विरोध केला नाही, रंगाचे डबे आणून खिडक्या स्वतः रंगवल्या. स्वयंपाकघरातला खिळा उपटून ह्यांनी त्या जागी पुट्टी भरली, घासली, रंग दिला. नव्या मालकाला जागा सापडणार नाही. मुलगी दोन आठवडे आमच्याशी बोलली नाही. खोलीच्या दारावर तिने कागद चिकटवला होता, त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की या घरात तिला कुणी काही विचारत नाही. तो कागद मी काढला नाही. बरोबर होतं ते.

घराला आम्ही घेतलं त्याहून जास्त पैसे आले. बँकेचं कर्ज फेडून आमचं जे होतं ते ठेवलं, वरचे वडिलांना पाठवले आणि कुठून आले तेही लिहिलं, काहीही न लपवता. वडिलांचं उत्तर दीड महिन्याने आलं. एसटी स्टँडच्या संडासांना नवे दरवाजे बसवले, बायकांच्या बाजूला आतून कड्या लावल्या, सुतार कुलूपवाल्याच्या आळीतला. घराबद्दल एक अक्षर नव्हतं. झोपेबद्दलही नव्हतं.

आम्ही भाड्याच्या जागेत परत आलो, पहिल्याच अपार्टमेंटच्या आवारात, फक्त दुसऱ्या इमारतीत. मॅनेजर बाईने भाडेकरार टेबलावर ठेवला आणि पेन पुढे केलं. ह्यांनी कागद माझ्याकडे सरकवले.

"तू वाच आधी," हे म्हणाले.

मी वाचले. सतरा पानं होती. मॅनेजर बाई दोनदा घड्याळाकडे बघून गेली. हे खिडकीशी उभे राहून पार्किंगकडे बघत होते. बाराव्या पानावर उशिरा भाडं दिल्यास दंड असं कलम होतं. ते मी बाईला विचारून समजून घेतलं. मग सही केली आणि पेन ह्यांच्याकडे दिलं.

ह्यांनी शेवटचं पान उघडलं आणि न वाचता सही केली.